नाही म्हणण्याची सोय

1966 साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावातून 68 वर्षांच्या एक विधवा परिचारिका मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज कंपनीच्या वसाहतीत राहू लागल्या. त्यांचं नाव लिलियन कार्टर. मुलगा जिमी तेव्हा राज्याच्या राजकारणात जम बसवायला धडपडत होता. दहा वर्षांनी तो राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बाई आल्या होत्या पीस कोअर या परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून, आणि त्यांच्या वाट्याला पहिलं काम आलं ते कुटुंबनियोजनाचं. सरकारी मोहिमेचा जोर वाढत होता. कामगारांच्या घरांत ‘दोन किंवा तीन मुलं पुरेत’ हे पोचवायचं, आणि ज्यांनी पोचवायचं त्या बाईंना स्वतःला चार मुलं. हे काम त्यांच्या मनाला पटेना. पुढे त्या वसाहतीच्या दवाखान्यात गेल्या, तिथे मात्र रमल्या, आणि 1968 मध्ये परत गेल्या त्या इथल्या माणसांत पुरत्या गुंतून.

बाई त्याच, हेतू तोच, वसाहतही तीच. मग फरक कशाने पडला? आवडीचं काम मिळालं, हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पहिल्या कामात लोक त्यांच्याकडे आले नव्हते, त्या लोकांकडे गेल्या होत्या, आणि त्याही कंपनी आणि सरकार या दोघांच्या छत्राखाली. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची बायको गोऱ्या पाहुणीला दारातून परत कशी लावणार? दवाखान्यात चित्र उलटं. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आई आपल्या पायांनी येणार. गुण आला नाही तर दुसरा डॉक्टर गाठणार, अंगारा लावणार, तिला हवं ते करणार. शिवाय तिथे बाईंच्या वर डॉक्टर होते. ‘हे असं नाही, तसं करा’ असं ते त्यांना सांगू शकत होते. परक्या देशात सेवेचं काम करायला गेलेला माणूस तिथे रुळला हे कशावरून ओळखायचं, याचं माझं उत्तर या फरकात आहे. तिथलं तिखट पचायला लागणं, गर्दीची सवय होणं, सणाला तिथले कपडे घालणं हे सगळं पर्यटकालाही जमतं. ज्यांच्यासाठी आपण आलो त्यांना आपल्याला बिनदिक्कत नाही म्हणता येईल, अशा जागी जाऊन बसायला जमलं की माणूस रुळला.

नकाराचा हा मुद्दा विचारवंत इव्हान इलिच यांनी फार कडवटपणे मांडून ठेवला आहे. एप्रिल 1968 मध्ये, म्हणजे लिलियनबाई विक्रोळीत होत्या तेव्हाच, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सुटीत सेवा करायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. तुमचे हेतू चांगले असतील, पण तुम्ही तिथे नकळत आपल्या मध्यमवर्गीय राहणीचे विक्रेते म्हणून जाता, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. बघायला या, फिरायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. गरिबांत काम करायचीच हौस असेल तर निदान तुम्हाला तुमच्याच भाषेत ‘चालते व्हा’ म्हणू शकतील अशा, आपल्या देशातल्या गरिबांत करा. त्या पोरांचे चेहरे काय झाले असतील ते कल्पनेनेच बघावं.

इलिच यांचं निदान मला पटतं, औषध पटत नाही. ते स्वतः व्हिएन्नात जन्मलेले, न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीत पाद्री म्हणून काम केलेले, आणि मेक्सिकोत क्वेर्नावाका इथे केंद्र काढून परदेशी मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवत असलेले. म्हणजे परका माणूस परक्या भूमीत रुजू शकतो याचा धडधडीत पुरावा व्यासपीठावर उभा राहून ते अशक्य असल्याचं सांगत होता. त्यांनी असं गृहीत धरलं की नकार देण्याची ताकद यजमानाकडे एक तर असते किंवा नसते. मला वाटतं ती घडवावी लागते, आणि ती घडवणं हे आलेल्या पाहुण्याचं पहिलं काम असतं. शाळा, विहीर, कोंबडीपालन हे नंतर.

याची सुरुवात भाषेपासून होते, पण आपण समजतो त्या कारणाने नव्हे. पीस कोअरची रीत अशी की पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षण, बहुतेकदा स्थानिक कुटुंबात राहून, आणि मग दोन वर्षं प्रत्यक्ष काम. या तीन महिन्यांकडे सगळेच जण पूर्वतयारी म्हणून बघतात. लवकर संपोत आणि कामाला लागू दे. पण साऱ्या मुक्कामात एवढा एकच काळ असा असतो की यजमान गुरू आणि पाहुणा ढ विद्यार्थी. घरातलं पहिलीतलं पोर त्याची क्रियापदं दुरुस्त करतं. आजी पानात टाकलेल्या भातावरून बोलते. तो काहीतरी भलतंच बोलून जातो आणि अख्खं घर पोट धरून हसतं. त्या हसण्यात मोठी गोष्ट घडत असते: या माणसाला आपण चुकलास म्हणू शकतो, हे घराला कळतं. तीन महिने संपले, साहेब कामावर रुजू झाला, की ही सोय बहुधा संपते. ती पुढची दोन वर्षं चालू राहावी यासाठी काही करावं लागतं, आणि ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

शिवाय तीन महिन्यांच्या भाषेत भाजी विकत घेता येते, नकार ऐकू येत नाही. आपल्याकडचंच बघा. खेड्यात साहेबाला तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ‘बघू की’, ‘करू या ना’, ‘बसा, चहा तरी घ्या’ असं म्हणतात, आणि पुढच्या बैठकीला घरातल्या सगळ्यात धाकट्याला पाठवून देतात. बांधून दिलेल्या शौचालयात गोवऱ्या रचून ठेवतात. बिनधुराची चूल पाहुण्यांना दाखवण्यापुरती राहते आणि भाकरी पुन्हा तीन दगडांवर भाजली जाते. ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्या चुलींचा वापर सालोसाल घटत गेल्याचंच दिसलं. हा सगळा नकारच आहे. मलेशियातल्या एका खेड्याचा अभ्यास करून राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी 1985 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात दुबळ्यांच्या अशाच चालढकलीची आणि आडून केलेल्या विरोधाची दखल घेतली आहे. तेव्हा गावकरी गप्प असतात ही समजूत चुकीची. गाव बोलत असतं. पाहुण्याला ते ‘प्रतिसाद कमी पडला’ असं ऐकू येतं, आणि तसंच तो अहवालात लिहितो.

अहवालावरून आठवलं. स्वयंसेवकाला दोन मालक असतात. एक ज्यांच्यात तो राहतो ते, आणि दुसरे ज्यांना तो लिहितो ते. पीस कोअरची स्थापना मार्च 1961 ची. त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातल्या इबादान विद्यापीठात प्रशिक्षण घेत असलेल्या 23 वर्षांच्या एका स्वयंसेविकेने मायदेशातल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. इथली राहणी किती मागासलेली, लोक रस्त्यावरच कसे राहतात-जेवतात, असा मजकूर. कार्ड पोचण्याआधीच हरवलं, विद्यार्थ्यांच्या हाती लागलं, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निदर्शनं झाली. मुलीने माफी मागितली, पण तिला परत जावं लागलं. अमेरिकेत तेव्हा अनेकांना वाटलं की एका भाबड्या मुलीच्या बारीकशा चुकीचा केवढा बाऊ केला. मला त्या विद्यार्थ्यांचा राग योग्य वाटतो. कार्डातला मजकूर खरा की खोटा हा वाद दुय्यम होता. आमच्यात राहून, आमच्याबद्दल, आमच्या पाठीमागे दुसऱ्याच कोणाशी तरी बोललं जातंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. त्यांना इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून नाही म्हणता आलं. आज फोनवरून रोज असली शेकडो पोस्टकार्डं सुटतात, हसऱ्या उघड्या पोरांच्या घोळक्यात मधोमध स्वयंसेवक. ज्या गावाबद्दल ती असतात त्या गावाला ती वाचता येत नाहीत.

यजमानाला नाही म्हणता न येण्याचं टोक कंबोडियात दिसलं. 2005 ते 2010 या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. युद्ध संपून बराच काळ लोटला होता, आईबाप मरत नव्हते, तरी अनाथ वाढत होते. 2011 च्या पाहणीत असं दिसलं की तिथल्या दर चारांपैकी सुमारे तीन मुलांच्या आईबापांपैकी किमान एक जण हयात होता. मागणी होती ती अनाथांची माया करायला आठ-पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या, त्यासाठी पैसे मोजणाऱ्या परदेशी तरुणांची. पुरवठा गरीब घरांतून झाला. ऑस्ट्रेलियात 2017 च्या संसदीय चौकशीत या प्रकाराचा विचार आधुनिक गुलामगिरीचा भाग म्हणून झाला. यात आलेल्या तरुणांचा हेतू वाईट होता असं कोणी म्हणणार नाही. पण अंगाला बिलगणाऱ्या चार वर्षांच्या पोरापेक्षा नकार द्यायला असमर्थ असं जगात दुसरं कोण असेल?

आता याच्या शेजारी एक वेगळं दृश्य ठेवून बघा, आपल्या ओळखीचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलेली मराठी मुलगी. शिकलेली, इथे नोकरी सोडून गेलेली, आणि तिथे एच-4 व्हिसावर. 2015 पासून या व्हिसावरच्या काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, पण सगळ्यांना नाही. घरात बसून जीव उबगतो म्हणून ती सार्वजनिक वाचनालयात किंवा अन्नवाटप केंद्रात स्वयंसेवक व्हायला जाते. तिथे आधी अर्ज, मग ओळखपत्रं, शाळेत जायचं असेल तर पूर्वचारित्र्याची तपासणी, मग वेळापत्रक. जे काम सहसा पगारी असतं ते फुकट करणंसुद्धा तिला कायद्याने अडचणीचं ठरू शकतं. बरेचदा उत्तर येतं की सध्या जागा नाही, कळवू. आणि जागा मिळालीच तर काम काय, परत आलेली पुस्तकं फळीवर लावा, डबे तारखेप्रमाणे वेगळे करा. एम.टेक. झालेल्या मुलीला हे लागतं. आया फोनवर हळहळतात, एवढं शिकवलं ते याच्यासाठी का.

पण तिला रुळण्याची जी संधी मिळते ती कंबोडियातल्या सिएम रीपला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या अमेरिकी मुलाला मिळत नाही. त्याला पहिल्याच दिवशी चाळीस मुलांचा वर्ग दिला जातो. त्याच्या गावच्या शाळेत त्याला कोणी खडूही हातात दिला नसता. गरीब देशातून श्रीमंत देशात गेलेल्या स्वयंसेवकाला दारं तपासून उघडली जातात, श्रीमंत देशातून गरीब देशात आलेल्याला दारंच नसतात. आपण या दुसऱ्या प्रकाराला पाहुणचार म्हणतो. त्यात बरीचशी लाचारी आहे, आणि ती आपल्या बाजूने आहे, हे मान्य करायला जड जातं एवढंच. (आपल्या मंडळींबद्दल एक तक्रार इथेच नोंदवतो. परदेशातलं आपलं स्वयंसेवी काम गणेशोत्सव, मराठी शाळा आणि अधिवेशनं यांत आटोपतं. ते मोलाचं आहे, त्याला कष्ट पडतात, पण तिथे आपल्याला नाही म्हणणारा परका कोणी नसतो. आपलेच रुसतात, तेवढंच.)

दारं नसलेल्या घरात पाहुण्याने वागायचं कसं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरमध्ये दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, त्यांनी फ्रान्समधल्या व्हर्डनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात काही जणांना घेऊन पुनर्बांधणीचं शिबिर घेतलं. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. सैन्याऐवजी फावडं, असा त्यांचा बाणा होता, आणि युद्धाला विरोध म्हणून त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर ते मोजके सोबती घेऊन बिहारमध्ये आले. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली मदतीचं काम उभं राहिलं होतं. हे त्यात सामील झाले. युरोपीय माणूस त्या काळात हुकूम द्यायला यायचा, हा माती उपसायला आला. माती उपसण्यात एक गंमत असते. खड्डा किती खोल झाला हे कोणालाही दिसतं. शेजारचा मजूर दुप्पट काम करतो हेही दिसतं. सल्लागाराचं अज्ञान झाकतं, फावडेवाल्याचं झाकत नाही.

त्याच संघटनेचे परदेशी तरुण 1950 च्या दशकात बाबा आमट्यांच्या कुष्ठरुग्णांसाठीच्या आनंदवनात येऊन राबले आणि त्यांनी तिथे इमारती उभारल्या. आनंदवनाच्या आठवणींत त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं ते मात्र विटांबद्दल कमी आणि भाजीबद्दल जास्त. कुष्ठरुग्णांनी पिकवलेला माल शेजारच्या वरोऱ्याचे लोक घेत नव्हते. हे गोरे तरुण रुग्णांच्या हातचं आनंदाने जेवतात हे दिसलं, आणि गावाची भीती ओसरायला लागली. ही गोष्ट माझ्या म्हणण्याला सोयीची आहे आणि गैरसोयीचीही. सोयीची अशासाठी, की त्यांचं खरं योगदान देण्यात नव्हतं, घेण्यात होतं. ते तिथे जेवले. गैरसोयीची अशासाठी, की तीच भाजी तेच रुग्ण आणि खुद्द आमटे कुटुंब रोज खात होतं, त्याने वरोऱ्याला काही वाटलं नव्हतं. गोऱ्या कातडीचं वजन पडलं. परक्या स्वयंसेवकाकडे हे वजन असतंच, तो कितीही नम्र असो. ते टाकून देता येत नाही. फार तर कोणाच्या पारड्यात टाकायचं हे ठरवता येतं, आणि ते ठरवायचा अधिकार आनंदवनाचा होता, त्या तरुणांचा नव्हता. बोलावणारे बाबा आमटे असले की हे आपोआप साधतं. सगळीकडे बाबा आमटे नसतात.

सगळ्याच मदतीला ही कसोटी लावू नये, हेही खरं. फाटलेल्या ओठाची शस्त्रक्रिया करणारा सर्जन दोन आठवड्यांत येऊन गेला तर त्याने तिथे रुळण्याची गरज नाही. त्याचं कसब मोजता येतं, निकाल आरशात दिसतो. पुरात, भूकंपात आधी होडी लागते. माझा वाद त्यांच्याशी नाही. मुलांना शिकवणं, बायकांना आरोग्य समजावणं, गावाला संघटित करणं, ही जी अघळपघळ कामं आहेत, ज्यांचा बरावाईट निकाल दहा वर्षं कळत नाही, त्यांत नकार हाच एकमेव मापदंड हाताशी राहतो.

2006 मध्ये जिमी कार्टर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या कामासाठी लोणावळ्याजवळ आले. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरं उभी केली. घरं झाली, लोकांना छप्पर मिळालं, याला नावं ठेवायचं कारण नाही. पण जिमी कार्टर आपल्या आईची जी आठवण सांगत ती अधिक विचार करायला लावणारी आहे. विक्रोळीत लिलियनबाईंकडे पैशांची चणचण असे. वसाहतीतला एक माळी त्यांना भाजी आणून देई, आणि बदल्यात त्या त्याच्या मुलीला लिहायला-वाचायला शिकवत. अमेरिकेच्या भावी राष्ट्राध्यक्षाची आई माळ्याच्या भाजीची मिंधी होती. हे मिंधेपण कुठल्याही प्रकल्पात लिहिलेलं नव्हतं, आणि आठवड्याच्या शिबिरात ते येऊच शकत नाही, कारण शिबिरार्थ्याच्या जेवणाची सोय आयोजकांनी आधीच केलेली असते. भाजी आणून देणारा माळी भाजी आणणं बंदही करू शकत होता. तेवढ्याने ती शिकवणी दान न राहता व्यवहार झाली. त्या मुलीला बाई आवडल्या नसत्या तर तिने बापाला सांगितलं असतं.

देशांनी नकार दिल्याची उदाहरणं आहेतच. बोलिव्हियात 1969 मध्ये होर्हे सान्हिनेस यांचा ‘यावार माल्कू’ हा चित्रपट आला. परदेशी स्वयंसेवक आदिवासी बायकांची गुपचूप नसबंदी करतात अशी त्याची कथा. हे प्रत्यक्षात घडलं की नाही हा वाद मिटला नाही, पण लोकांना ते खरं वाटलं, आणि 1971 मध्ये बोलिव्हियाने पीस कोअरला बाहेर काढलं. भारतात 1961 च्या डिसेंबरात पंजाबात उतरलेल्या पहिल्या तुकडीपासून 1976 पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. बांगलादेश युद्धानंतर भारत आणि अमेरिका या दोन्ही सरकारांचं बिनसलं होतं, आणि तो अध्याय संपला. पण दिल्लीचा नकार आणि विक्रोळीच्या चाळीतल्या बाईचा नकार यांत महदंतर आहे. सरकारं नाही म्हणतात ती आपापल्या राजकारणासाठी, आणि हो म्हणतात तीही त्याचसाठी. ज्या गावात स्वयंसेवक राहतो त्या गावाला दोन्ही वेळा कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून माझी सूचना अगदी कोरडी, कारभाराची आहे. स्वयंसेवकाची निवड पाठवणाऱ्या देशात होऊ दे, पण प्रशिक्षण संपताना त्याची दुसरी मुलाखत तो जिथे राहणार त्या वस्तीतल्या पाच-सात जणांनी त्यांच्या भाषेत घ्यावी. त्यात निदान निम्म्या बायका असाव्यात आणि सरपंच नसावा. निम्मी मुदत झाली की तीच माणसं पुन्हा बसतील. नको म्हणाली तर कारण विचारायचं नाही. त्याच्याबद्दलचा शेवटचा अहवाल तो लिहिणार नाही, ही माणसं सांगतील आणि कोणीतरी उतरवून घेईल. नापास झालेल्याचं परतीचं तिकीट संस्थेने काढावं. अनेक तरुण याला तयार होतील असा माझा अंदाज आहे. ज्याला खरोखर राहायचंय त्याला पारख झालेली हवीच असते. हरकत येईल ती पाठवणाऱ्या संस्थांची, विशेषतः पैसे घेऊन पंधरा दिवसांची सेवा विकणाऱ्यांची. ग्राहकाला गावाने परत पाठवलं तर पैसे कोणी परत करायचे, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.